आजोबांचा घडीचा चाकू वडिलांना द्यायचाय: काय दुरुस्त करावं आणि कशाला हात लावू नये

तासगाव तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी द्राक्षबागेत कलमासाठी वापरलेला घडीचा चाकू माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडलाय. पातं गंजलंय, उघडताना अर्ध्यात अडकतं, पूर्ण उघडलं की डावी-उजवीकडे हलतं. मुठीची एक बाजू तडकलीय. खंडेनवमीला तो वडिलांना द्यायचा आहे. गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "बफ मारून नव्यासारखा चकाचक करून देतो." व्हिडिओत दाखवतात की रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. यातलं काय करावं?

माझं उत्तर: दोन्ही नको. तुम्ही विचारलंय चकाचक कसा करायचा, पण खरा प्रश्न किती साफ करायचा हा आहे. वडिलांनी हा चाकू आजोबांच्या हातात पाहिलेला असणार. ते तो ओळखतील झिजलेल्या पात्याच्या आकारावरून, अंगठ्यानं गुळगुळीत झालेल्या मुठीवरून आणि पात्यावर चढलेल्या करड्या-काळ्या रंगावरून. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरणारं कापडी चाक, नेमकं हेच आधी खातो. म्हणून गंज थांबवायचा, जोड मोकळा पण घट्ट करायचा, धार कामाची करायची आणि बाकी सगळं जसं आहे तसं ठेवायचं. एवढं घरी नक्की होतं. हत्यारं फार लागत नाहीत, सवड लागते. खंडेनवमीच्या निदान तीन आठवडे आधी सुरुवात करा.

पुढचं बरंचसं तीन गोष्टींवर ठरतं: पातं साध्या पोलादाचं आहे की स्टेनलेसचं, मूठ कशाची आहे, आणि वडील हा चाकू वापरणार आहेत की देवघराशेजारच्या कपाटात ठेवणार आहेत. हे कळल्याशिवाय कशालाच हात लावू नका. आधी दोन्ही बाजूंचे, पाठीचे आणि पात्याच्या बुडाशी असलेल्या शिक्क्याचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग धारेवर मास्किंग टेप गुंडाळा. गंजक्या पात्यानं कापलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बऱ्याच वर्षांत घेतलेलं नसेल, तर ते घ्या.

पोलाद ओळखायला लोहचुंबक उपयोगाचं नाही, कारण चाकूचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. पात्याच्या बुडाशी, शिक्क्यापासून लांब, गंज नसलेल्या जागी लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवा. पाच-दहा मिनिटांत करडा-काळा डाग पडला तर साधं कार्बन पोलाद. डाग पडला नाही तर स्टेनलेस. लगेच ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, तेल लावा. शिक्काही बोलतो. स्टेनलेस पोलाद इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १९१३ साली पुढे आलं, त्यामुळे पात्यावर तसा शब्द असेल तर चाकू त्यानंतरचा. शेफील्ड किंवा सोलिंगेन (जर्मनीतलं चाकूंसाठी प्रसिद्ध शहर) असं काही वाचता आलं तर त्या जागेवर कुठलाही पेपर चालवायचा नाही, तेलाचं फडकं तेवढं फिरवायचं. या शिक्क्यांच्या नकलाही भरपूर निघाल्या, पण तुमच्या कामासाठी अस्सल-नक्कल हा मुद्दाच नाही. आजोबांनी जो शिक्का वर्षानुवर्षं पाहिला तोच राहिला पाहिजे. कलमाचा चाकू बहुधा कार्बन पोलादाचाच असतो, म्हणून पुढचं तसं धरूनच लिहितो.

मुठीत लाकूड असेल तर रेषा दिसतात. हाडावर बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. म्हशीचं शिंग काळं, तुकतुकीत असतं आणि कडेला पदर सुटल्यासारखं वाटतं. जुन्या चाकूंना सेल्युलॉइडच्या मुठीही येत. ते ओळखायला मूठ अंगठ्यानं जोरात चोळून गरम करा, कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. शिवाय जुनं झाल्यावर त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती बंद पेटीत शेजारचं पोलादही गंजवते. अशी मूठ निघाली तर चाकू बंद डबीत ठेवू नका आणि उष्णतेजवळ नेऊ नका. मूठ हस्तिदंती किंवा सांबरशिंगाची असेल तर आहे तीच सांभाळा, जोडायला नवा तुकडा शोधू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्या व्यापाराला बंदी आहे.

आता अडकणारं पातं. 'अर्ध्यात अडकतं' म्हणजे नेमकं कुठं, ते आधी बघा. बरोबर काटकोनात, एक स्पष्ट खटका देऊन थांबत असेल आणि थोडा जोर लावला की पुढे जात असेल, तर तो दोष नव्हे. बऱ्याच घडीच्या चाकूंच्या पात्याची टाच, म्हणजे मुठीतलं बूड, चौकोनी घडवलेली असते, म्हणजे मिटताना पातं एकदम बोटांवर येत नाही. असा चाकू 'मोकळा' करायला टाच घासलीत तर एक चांगली सोय कायमची गेली. थांबणं काटकोनात नसेल, करकर आवाज येत असेल, जागा बदलत असेल, तर आत गंज आणि वाळलेलं तेल आहे.

त्यासाठी शिवणयंत्राचं तेल आणि डिझेल अर्धं-अर्धं मिसळा. पूर्वी याला रॉकेल वापरत, आता ते सहज मिळत नाही, डिझेलनं तेच काम होतं. लहान वाटीत एवढंच घ्या की चाकू उभा ठेवल्यावर फक्त पिनेचा भाग (पातं जिच्यावर फिरतं ती खीळ), म्हणजे टोकाचा साधारण एक सेंटिमीटर, बुडेल. लाकडी, हाडाची किंवा शिंगाची मूठ वर कोरडी राहिली पाहिजे. चोवीस तास ठेवा. मग पात्याला चामड्याचा तुकडा गुंडाळून हातानं उघडा, जिथं अडेल तिथंच थांबा, दोन-तीन मिलिमीटर मागे-पुढे हलवा. काळा राडा बाहेर येईल, तो पुसा, पुन्हा तेल सोडा. कधी एका दिवसात मोकळं होतं, कधी तीन-चार दिवस लागतात. पकडीनं नखाच्या खाचेला धरून ओढायचं नाही, तिथं पातं पातळ असतं आणि जुनं पोलाद न वाकता कडकन मोडतं. त्याहून मोठं नुकसान पाठीच्या स्प्रिंगचं. गंजानं तिला आतून चीर गेलेली असली आणि तुम्ही जोर केलात, तर ती तुटते. तशी स्प्रिंग बाजारात तयार मिळत नाही, स्प्रिंगच्या पोलादातून कापून, पाणी देऊन (तापवून, थंड करून कडक करून) नवी घडवावी लागते. डिझेल लावलेलं असताना हेअर ड्रायर किंवा मेणबत्ती जवळ आणू नका.

मोकळं झाल्यावर आतली घाण काढा. बांबूची काडी चपटी तासून, टोकाला कापूस गुंडाळून, तेलात भिजवून घळीत, म्हणजे पातं मिटून बसतं त्या खाचेत, फिरवा. लोखंडी टोचा नको, आतल्या पितळी पट्ट्यांवर चरे पडतात. शेवटी जुन्या टूथब्रशवर किंचित साबण घेऊन फक्त घळ घासा, ओल्या फडक्यानं टिपा आणि तासभर उन्हात उघडा ठेवा. वाहत्या नळाखाली धरू नका. पाणी मुठीच्या फळीखाली (मुठीच्या बाजूवरच्या लाकडी किंवा हाडाच्या पट्टीखाली) शिरलं की तिथला गंज बाहेर दिसत नाही आणि आतून फळी उचलत राहतो. तुमची एक बाजू तडकण्याचं मूळ बहुतेक हेच असणार: आत पोलादाला गंज चढला, तो फुगला आणि फळीला जागा उरली नाही.

याच कारणासाठी व्हिनेगर नको. सुटं पातं व्हिनेगरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून, लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, कोरडं करून तेल लावलं तर ते चालतं. पण अख्खा चाकू रात्रभर बुडवला की आम्ल पिनेच्या भोवती आणि फळीखाली जाऊन बसतं, तिथून ते धुऊन निघत नाही. पितळ आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असताना मध्ये आम्लाचं पाणी असलं की पोलाद जास्त वेगानं खाल्लं जातं. पितळातलं जस्त निघून ते गुलाबी पडतं. हाड मऊ पडतं, शिंगाचे पदर सुटतात. शिवाय आम्ल लाल गंज आणि काळा थर असा भेद करत नाही, दोन्ही उतरवून पातं फिकट राखाडी करून टाकतं. संडास साफ करायचं आम्ल तर अजिबात नको. त्यातले क्षार पोलादाच्या खड्ड्यांत राहतात आणि चाकू पुसून ठेवला तरी आठवड्यानं पुन्हा लाल होतो. घरातली चिंच आणि पितांबरी समईला उत्तम, पण चाकूच्या सांध्यात चिंचेचं आम्ल आणि पावडरीची कचकच दोन्ही अडकतात. पितळी टोकं फार काळी वाटली तर फडक्यावर एक टिपका ब्रासो, तोही वरवर.

पात्यावरचा लाल, हाताला लागणारा गंज जिवंत असतो, तो काढायचा. करडा, काळा, निळसर घट्ट थर पात्याचं रक्षण करतो, तो ठेवायचा. पात्याला शिवणयंत्राचं तेल लावा, अर्धा तास थांबा, मग सर्वांत बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलनं लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं घासा. भांडी घासायची तारेची घासणी किंवा हिरवा स्क्रबर फार खरखरीत, आडवेतिडवे चरे पाडतो. गंजाचे उंचवटे राहिले तर तांब्याच्या जाड तारेचं टोक चपटं करून खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि पातं चरत नाही. खड्डे मात्र राहणार. खड्डा काढायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं पोलाद उतरवायचं. कलमाचं पातं आधीच झिजून अरुंद झालेलं असतं, त्यातून आणखी काढण्यात अर्थ नाही. खड्ड्यातला लाल गंज सुईनं टोकरा, तेल लावा, दुसऱ्या दिवशी फडक्याला लाल लागतं का ते पाहा. लागत नाही तोवर हेच करा.

बफ आणि ग्राइंडरबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथंच सर्वांत जास्त चाकू वाया जातात. साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतो. पात्याची कड कागदासारखी पातळ असते, तिथली उष्णता जायला जागाच नसते. २२०-२३० अंशांना पोलादावर गवती पिवळा रंग येतो, २६० च्या आसपास तपकिरी, ३०० जवळ निळा. निळा रंग दिसला म्हणजे तिथलं पाणी उतरलं. तो भाग मऊ पडला, त्यावर कितीही धार लावली तरी दोन काड्या कापल्या की ती वळते. रंग पॉलिशनं पुसता येतो, उतरलेलं पाणी परत येत नाही. बफच्या चाकावर कापड असलं तरी जोरानं दाबलं की पातळ कड तापतेच. शिवाय बफ पात्याच्या ताठ रेषा गोल करतो, शिक्का पुसट करतो आणि टोक कापडात अडकलं तर चाकू हातातून भिरकावतो. फॅब्रिकेशनवाल्याचा हेतू चांगलाच आहे, पण त्याचं यंत्र गेट आणि ग्रिलसाठी आहे. सायकलवर धार लावत फिरणाऱ्यांकडेही हा चाकू देऊ नका. विळीला, कोयत्याला त्यांचं चाक ठीक.

पातं हलण्याचे दोन प्रकार असतात. पूर्ण उघडून टोक धरा. वर-खाली हलत असेल तर टाच किंवा स्प्रिंगची कड झिजलीय. ते हातोडीनं बरं होत नाही, थोडं असेल तर सोडून द्या. डावी-उजवीकडे हलत असेल तर पिन ढिली आहे, आणि ती घट्ट करता येते. मुठीच्या टोकाला धातूचं बूच असेल तर पिनेचं डोकं त्यात घासून एकजीव केलेलं असतं, दिसत नाही. जोडात तेलाचा थेंब सोडा, पातं दहा वेळा उघडमीट करा, वरून स्वच्छ पुसा. थोड्या वेळानं पिनेभोवती तेलाची पुसट गोल रेघ उमटते. तीच जागा.

आता कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या कापा. तो पत्रा साधारण दहावा हिस्सा मिलिमीटर जाड असतो. पट्टीला इंग्रजी 'यू'सारखी खाच करा आणि पात्याच्या दोन्ही बाजूंनी, पिनेला मध्ये घेऊन सरकवा. जात नसतील तर ढिलाई तेवढी नाही, एकच पट्टी वापरा. पिनेचं खालचं डोकं ऐरणीवर किंवा रुळाच्या तुकड्यावर टेकवा आणि १०० ग्रॅमच्या गोल तोंडाच्या हातोडीनं वरच्या डोक्याच्या कडेकडेनं आठ-दहा हलक्या टिचक्या मारा. उलटा करून दुसरी बाजू. पट्ट्या काढा, तेल घाला, हलवून बघा. पट्ट्या न घालता ठोकलं की हमखास जास्त घट्ट होतं आणि मग पिन कापून काढण्याशिवाय मार्ग राहत नाही. एक जोराचा घाव दहा हलक्या टिचक्यांचं काम करत नाही. तो पिन आडवी फुगवण्याऐवजी वाकवतो. धातूचं बूच नसून पिन थेट लाकडी फळीवर येत असेल तर ठोकू नका, फळी चिरेल. अशा चाकूला घट्ट करायचं काम फळी उतरवल्यावरच.

त्यामुळे फळीचा निर्णय इथं येतो. तडा केसाएवढा असेल, फळी हलत नसेल आणि खाली गंजानं उचललेली नसेल, तर ती बदलू नका. तड्यातली मळी सुईनं काढा, स्पिरिटनं पुसा, कोरडी झाली की फेव्हिक्विकचे एक-दोन थेंब सोडा, पातळ असल्यानं तो आत ओढला जातो. वर आलेला गोंद वाळल्यावर ब्लेडनं खरवडा. सेल्युलॉइडची मूठ असेल तर हा गोंद वापरू नका. तडा रुंद असेल आणि तुकडा जागेवरच असेल तर सावकाश सुकणारा अराल्डाइट, त्यात त्याच लाकडाची भुकटी मिसळून. पाच मिनिटांत सुकणारा ठिसूळ राहतो, तो इथं नको.

फळी खरंच गेली असेल तर फक्त तीच बदला, दुसरी जुनीच राहू द्या. दोन बाजू वेगळ्या दिसतील, दिसू द्यात. वडिलांचा अंगठा जिथं टेकेल ती जुनी बाजू असली तर नवीबद्दल कुणाची तक्रार नसते. शिवणीचं किंवा शिसवाचं लाकूड सुताराकडे उरलेल्या तुकड्यांत मिळतं. पूर्ण सुकलेलंच घ्या, कारण ऑगस्टमध्ये कापलेलं ओलं लाकूड फेब्रुवारीत आकसतं आणि कडा उघड्या पडतात. हाडाची फळी हवी असेल तर मिरजेला सतारमेकर गल्लीत चौकशी करा. सतारीच्या घोडीसाठी आणि नक्षीसाठी हाड कापणं, घासणं हे त्या हातांचं रोजचं काम आहे. घरी हाड घासणार असाल तर मास्क लावा आणि ओलं करून घासा.

फळी धरून ठेवणाऱ्या जुन्या रिव्हेटची डोकी बारीक कानशीनं सपाट करा, मध्यात पंचनं खूण करा, २ मिमीच्या बिटनं फक्त डोकं उडवा आणि टोक सपाट केलेल्या खिळ्यानं रिव्हेट बाहेर ठोका. नवी फळी साधारण ४ मिमी जाड घ्या, बाकी आकार नंतर. आतली पितळी पट्टी ८० नंबरच्या पेपरनं खरखरीत करा आणि थिनरनं पुसा, तेलाचा अंश राहिला तर अराल्डाइट धरत नाही. गोंद लावून क्लॅम्प हलकाच आवळा. फार आवळलं की सगळा गोंद बाहेर जातो आणि जोड कोरडा राहतो. चोवीस तासांनी पितळी पट्टीतल्या जुन्या भोकातूनच फळीला भोक पाडा, म्हणजे जागा चुकत नाही. बाहेरच्या तोंडाला भोक किंचित वाटीसारखं रुंद करा. रिव्हेटसाठी २ मिमी पितळी तार, दोन्हीकडे १ मिमी बाहेर राहील अशी. कडेकडेनं टिचक्या मारत डोकं त्या वाटीत बसवा. बहुतेक नव्या फळ्या याच वेळी तडकतात, कारण वाटी केलेली नसते आणि फुगणाऱ्या पितळाला लाकूड फाडण्याशिवाय जागा नसते. मग १२०, २४०, ४०० नंबरचे पेपर, आणि जवसाच्या तेलाचे तीन अगदी पातळ हात, प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल पुसून एक दिवस सुकू द्यायचं. पाटण-कोयनेकडच्या दमट हवेत दोन दिवस धरा. तेलाचे बोळे चुरगळून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मोकळ्या जागी पसरून वाळवा, मगच टाका.

म्हणजे क्रम असा झाला: ओळख आणि फोटो, जोड मोकळा करणं, घळ साफ करणं, पात्याचा गंज, पिन, फळी. धार सगळ्यात शेवटी, कारण आधी लावली तर पुढच्या प्रत्येक कामात बोट कापायची भीती आणि धारही बोथट होते.

कलमाच्या चाकूची धार हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. साध्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो. कलमाच्या चाकूला बहुतेक वेळा एकाच बाजूनं, दुसरी बाजू अगदी सपाट. पाचर कलम (काडीचं टोक पाचरेसारखं करून खुंटात बसवायचं कलम) भरताना काडीची पाचर दोन सरळ कापांत निघावी लागते. कापलेला पृष्ठभाग सपाट असेल तरच सालीखालचा हिरवा थर डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटाच्या थराला पूर्ण टेकतो. सपाट बाजूला उतार आला की पातं लाकडातून बाहेर निसटायला बघतं, काप खोलगट किंवा फुगीर होतो, मध्ये फट राहते आणि कलम सुकतं. म्हणून दगडाला हात लावण्याआधी उन्हात धार डोळ्यांसमोर धरून उतार एका बाजूला आहे की दोन, हे बघा. नखही सांगतं: सपाट बाजूवरून ते न अडखळता सरकतं.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड चालेल, पण तो सपाट हवा. घरातला जुना दगड मध्ये खोलगट झालेला असतो, त्यावर सरळ धार येणं शक्य नाही. फरशीवर १२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा आणि दगड त्यावर घासून सपाट करून घ्या. उतारावर मार्करनं काळी रेघ ओढा, दगडावर पातं एकदा फिरवा. शाई धारेपाशीच गेली तर पाठ फार उचललीय, वरच्या बाजूला गेली तर कमी. पूर्ण उतारावरून गेली तो तुमचा कोन. मूळ कोन सापडतच नसेल तर २० अंश धरा. पातं १५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ५ मिमी वर, मोजपट्टीनं बघून. दगड ओला ठेवा. धारेला खाचा पडल्या असतील तरच २४० नंबरपासून सुरुवात, नाहीतर थेट ६००, मग काचेवर चिकटवलेला १००० चा वॉटर पेपर. सपाट बाजूच्या पूर्ण लांबीवर उलटलेली बारीक कड नखाला लागली की नंबर बदलायचा, त्याआधी नाही. ही कड काढायला सपाट बाजू १००० च्या पेपरवर पूर्ण चपटी टेकवून दोन-तीन वेळा ओढा, पाठ जराही न उचलता.

शेवटी चामडं. कोल्हापुरी चपलेचं चामडं यासाठी फार चांगलं, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं ते घट्ट असतं. पायताण करणाऱ्यांकडून हातभर पट्टी मागून घ्या, पाटीवर चिकटवा, बफिंगच्या सामानात मिळणारं हिरवं पॉलिश त्यावर घासा आणि पातं पाठीच्या दिशेनं पंधरा-वीस वेळा ओढा. कागद कापून बघणं पुरेसं नाही. पेन्सिलीएवढी ओली द्राक्षकाडी एकाच ओढीत तिरकी कापा. काप चकचकीत आणि रेघेशिवाय आला, साल फाटली नाही, तर धार झाली. काप रेघाळ आला तर कड अजून खडबडीत आहे, पुन्हा १००० वर जा.

कुणीतरी आधीच दोन्ही बाजूंनी घासून ठेवलेला असेल तर एका बैठकीत सपाट बाजू परत आणायचा हट्ट करू नका, पात्याचा दीड-दोन मिलिमीटर त्यातच जाईल. वडील आता कलम भरत नसतील तर त्याला साधा चाकू मानून दोन्हीकडून २० अंशांची धार लावा, पेरू-कलिंगड कापायला तो वर्षानुवर्षं चालेल. ते अजूनही बागेत बसत असतील तर कलम भरायला नवा चाकू वेगळा घेऊन द्या आणि हा इतर कामांना राहू द्या.

तेलाबद्दल. खायच्या वस्तू कापायच्या असतील तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन जोडात एक थेंब आणि पात्यावर पातळ हात. करडई, सूर्यफूल ही तेलं हवेनं चिकट होतात, काही महिन्यांत पातं पुन्हा अडकतं. खोबरेल थंडीत गोठतं आणि जुनं झालं की खवट होऊन आम्लधर्मी बनतं. बागेत रोग पसरू नये म्हणून पातं निर्जंतुक करायचं असेल तर स्पिरिट वापरा. ब्लीचनं कार्बन पोलाद डोळ्यांदेखत लाल होतं.

आणि खंडेनवमीचं. पूजेत पात्यावर ओलं हळद-कुंकू लागणार, झेंडूचं फूल ठेवलं जाणार, पाण्याचे थेंब पडणार. कार्बन पोलादाला एवढं एका रात्रीत डाग पाडायला पुरेसं आहे. पूजेआधी पात्याला पॅराफिनचा जरा जाड हात द्या, गंध-फूल मुठीवर वाहा, आणि संध्याकाळी पातं पुसून, सुकवून पुन्हा तेल लावा. भेट देताना चामड्याच्या म्यानात घालून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि त्यातले क्षार पात्याला लागतात. सुती फडक्यात गुंडाळून, सेल्युलॉइड नसेल तर डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. उतरवलेली जुनी फळी आणि आधीचे फोटो त्याच डबीत ठेवा. जत-आटपाडीकडच्या कोरड्या हवेत वर्षातून दोनदा तेल पुरतं, तुमच्याकडे पावसाळ्यात महिन्याला एकदा पुसा.

शिक्क्याचा आणि तडकलेल्या बाजूचा फोटो टाका. फळी वाचेल की बदलावी लागेल, आणि रिव्हेट २ मिमीचं आहे की अडीचचं, ते त्यावरून सांगता येईल. तोवर फक्त तेल सोडून ठेवा.